फुजिनो मास्तरांची लाल शाई

गुरूवर लिहायला बसलं की मराठी लेखक पहिल्याच ओळीत वाकून नमस्कार करतो. चिनी लेखक लू शुन तसं करत नाही. १९२६ साली श्यामेनमध्ये लिहिलेल्या ‘फुजिनो सर’ या लेखात सर बराच वेळ येतच नाहीत. आधी येतो तोक्योतल्या उएनोचा चेरीचा बहर आणि त्याखाली फिरणारे चिनी विद्यार्थी. त्यांनी लांब शेंडीचं वेटोळं करून टोपीत कोंबलेलं, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक फुजी पर्वत!

सफाळ्यात आम्ही काही वाचणारी माणसं अधूनमधून जमतो. बहुतेक जण डहाणू लोकलने ये-जा करणारे. हा लेख मोठ्याने वाचला तेव्हा पहिली दाद मिळाली ती निप्पोरीला. सेंदाईला वैद्यक शिकायला जाताना वाटेत लागलेल्या या स्टेशनाचं नाव का कोण जाणे अजून आठवतं, असं लू शुन सांगतो आणि पुढे सरकतो. वैतरणा, केळवे रोड रोज खिडकीतून बघणाऱ्यांना त्याचं कारण विचारावंसं वाटलं नाही.

मग कोबी. पेकिंगचा कोबी दक्षिणेत चेजियांगला गेला की त्याच्या मुळाला लाल दोरा बांधून तो दुकानात उलटा टांगतात, नावही भारदस्त देतात. सेंदाईच्या वैद्यकीय शाळेतला एकुलता चिनी विद्यार्थी म्हणून आपली बडदास्त अशीच, हे त्याला सुचवायचं आहे. पहाटेच्या गाडीने मुंबईला भाजी नेणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. कौतुक आणि परकेपणा एकाच चिमटीत पकडायचा, आणि तोही स्वतःची टर उडवत, ही त्याची खरी करामत.

एवढं झाल्यावर सर वर्गात येतात. काळेसावळे, किडकिडीत, मिशा, चष्मा, काखेत पुस्तकं. कपड्यांची शुद्ध नाही, कधी टाय विसरतात. हिवाळ्यात जुना कोट घालून आगगाडीत बसले तर कंडक्टरला ते खिसेकापू वाटले आणि त्याने प्रवाशांना सावध केलं. ही माहिती देतात मागच्या बाकावरची नापास मुलं. आदरणीय माणसाची ओळख टवाळांच्या तोंडून करून द्यायची, हे धाडस आपल्याकडच्या गुरुचरित्रांत क्वचितच दिसतं.

त्या सरांनी त्याची शरीरशास्त्राची वही मागून घेतली आणि दोन-तीन दिवसांनी परत केली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लाल शाई: सुटलेला मजकूर भरलेला, व्याकरणसुद्धा दुरुस्त. लू शुन इथे एकही विशेषण खर्चत नाही. पुढे हाताच्या आकृतीत एक रक्तवाहिनी त्याने दिसायला बरी म्हणून सरकवली, तेव्हा सर हळूच म्हणाले की हे चित्र काढणं नव्हे. विद्यार्थ्याने मान डोलावली. मनात मात्र, आपली आकृती काही वाईट नाही! आमच्यातले एक निवृत्त मास्तर या जागी खो खो हसले.

डहाणू तालुक्यात, कोसबादच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ यांचं असंच एक नातं घडलं. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये कोसबादला आलं. अनुताईंच्या ‘कोसबादच्या टेकडीवरून’मध्ये गुरूच्या सहवासातलं अख्खं आयुष्य आहे. लू शुनच्या वाट्याला जेमतेम दीड वर्ष आलं, म्हणून कदाचित तो वही आणि आकृतीवर इतका रेंगाळतो.

वैद्यक सोडताना सरांना बरं वाटावं म्हणून तो थाप मारतो: जीवशास्त्र शिकणार आहे, तुमचं ज्ञान कामी येईल. सर स्वतःचा फोटो देतात. विद्यार्थी पुढे एक पत्रही पाठवत नाही. वह्या बांधून जपल्या होत्या, घर हलवताना पेटी फुटून हरवल्या, असं लेखात आहे. त्याच वह्या १९५१ साली शाओशिंगमध्ये सापडल्या. आज त्या पेकिंगच्या लू शुन संग्रहालयात आहेत. लू शुन मात्र १९३६ मध्येच गेला होता.

फुजिनो तेव्हा फुकुईत गावाकडे डॉक्टरकी करत होते. विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर त्यांनीही छोटीशी आठवण लिहिली. तास संपल्यावर मागे थांबून त्याच्या टिपणांतल्या चुका सुधारल्याचं त्यांना आठवत होतं. फोटो मात्र कधी दिला, हे काही आठवेना.