ताप आणि स्टेरॉइडची घाई

भाजी चिरताना बोट कापलं की थोड्या वेळाने तिथे लाल होतं, सुजतं, ठणकतं. आपल्याला वाटतं, जखम चिघळली. खरं तर ती शरीराने बोलावलेली मदत असते. तिथल्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6 अशी छोटी प्रथिनं सोडतात. यांना सायटोकाइन म्हणतात. हे पेशींचे एकमेकींना दिलेले निरोप. निरोप मिळताच रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी तिथे पोचतात. निरोप मेंदूपर्यंत गेला की ताप येतो. यकृतापर्यंत गेला की रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी वाढलेला दिसतो.

काम झाल्यावर थांबवणारे निरोपही असतात. इंटरल्युकिन-10 हा त्यातला महत्त्वाचा. सुरू करणारे वाढत गेले आणि थांबवणारे कमी पडले, तर हाच दाह आपल्या अवयवांवर उलटतो. कोविडच्या काळात ऐकलेलं 'सायटोकाइन वादळ' ते हेच.

स्टेरॉइड दाहाचे हे निरोप दाबतं. म्हणून ते कधी घ्यायचं, हे महत्त्वाचं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत आमच्या काकांना कोविड झाला. ताप होता, पण ऑक्सिजन 97. व्हॉट्सॲपवर कुणाचं तरी प्रिस्क्रिप्शन फिरत होतं, त्यात डेक्सामेथासोन. काका म्हणाले, "अरे, आजच आणून ठेव, नंतर मिळायचं नाही." डॉक्टरांनी फोनवर साफ सांगितलं, "आत्ता नको. ऑक्सिजन उतरला तर मीच देईन." काका दोन दिवस रुसले. त्यांना मधुमेह, त्यामुळे घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. गोळी न लागताच ते बरे झाले.

डॉक्टरांच्या 'नको'ला आधार होता. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल जून 2020 मध्येच आला होता. रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. शिवाय स्टेरॉइडने साखर वाढते. त्याच लाटेत काळ्या बुरशीने किती घरं हादरली, हे आपण पाहिलंच.

साध्या तापात किंवा सुजेत, मागच्या आजारपणातली उरलेली स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. आणि ज्यांना डॉक्टरांनी ती नेमून दिली आहे, त्यांनी हे वाचून ती परस्पर बंदही करू नये. दोन्ही निर्णय डॉक्टरांचे.