काजव्यांचे दिवस

रानात राहणाऱ्याला रानाची हौस नसते. त्याला मोळी आणायची असते, हिरडा वेचायचा असतो. म्हणूनच पुण्या-मुंबईची माणसे मुलाबाळांसह आमच्याकडे तंबूत निजायला येऊ लागली, तेव्हा आजीला हसू आवरेना. "आमी उभा जनम भुईवर निजलो, कुनी दमडी दिली न्हाई. आन् ही मानसं निजायचं पैसं देत्यात!"

आमचे गाव भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी खालच्या ऊसमळ्यांना गेले. आमचा भात मात्र पावसाच्याच भरवशावर. समोर कळसूबाई, १६४६ मीटर उंच. महाराष्ट्रात तिच्याहून उंच शिखर नाही. १९८६ साली हा टापू अभयारण्य झाला.

मेअखेरीस वळवाचा शिडकावा झाला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे उतरतात. अख्खे झाड उजळते, विझते, पुन्हा उजळते. पाऊस झडीला लागला की सारे संपले! तेवढ्या दिवसांत बा रिकाम्या खाचरात आठ तंबू उभारतो. आई चुलीवर नागलीच्या भाकरी, पिठले करते. त्या पैशांतून भाताचे बियाणे येते आणि माझी फी भरली जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

गेल्या जूनमधली गोष्ट. चार तंबू घेतलेल्या मंडळींनी मोटारीचे दिवे झाडावर सोडले, गाणी लावली. मुले बॅटऱ्या घेऊन झाडाखाली धावू लागली. बा हात जोडून म्हणाला, "साहेब, दिवं मालवा."

"आम्ही पैसे मोजलेत!"

बाने बंडीच्या खिशातून नोटा काढल्या आणि मुकाट्याने परत दिल्या. मंडळी रात्रीच निघून गेली. आईचा चेहरा उतरला. ते माझ्या फीचे पैसे होते.

काजव्याचा प्रकाश म्हणजे नर-मादीने एकमेकांना घातलेली साद. आपल्या दिव्यांच्या झोतात ती हरवते. पाचोळ्यात उतरलेल्या माद्या पायाखाली चिरडतात. मग पुढच्या वर्षी काजवे यायचे कुठून? हे मला पुस्तकातून कळले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाला ते कुणी शिकवले असेल?

सकाळी त्याने माझ्यापुढे एक फळी ठेवली. "तुला लिव्हता येतं. लिही."

मी चुन्याने लिहिले, 'काजवे आमचे पाहुणे, तुम्हीही आमचे पाहुणे. एकमेकांना सांभाळा.' बाने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि फळी जांभळीला टेकवून ठेवली. संध्याकाळी आलेल्या एका चिमुरडीने ती अक्षर अक्षर लावून वाचली आणि आपली बॅटरी बाच्या हातात दिली.

फीचा राहिलेला हप्ता मी भात निघाल्यावर भरला. परीक्षांत आजवर पुष्कळ निबंध लिहिले, गुणही मिळाले. पण शिकल्याचे सार्थक वाटले ते त्या दोन ओळींनी.