बाघेवालाचं तेल: रोजनिशीतील पाने

११ नोव्हेंबर

राजस्थानातल्या बिकानेर-नागौर खोऱ्याचे नमुने आले. बिलारा गटातले चुनखडक, डोलोमाइट, मधूनमधून काळसर पातळ थर; वय सुमारे ५५ कोटी वर्षं. अखंड कोअर थोडाच, बाकी सगळ्या कटिंग्ज, म्हणजे खोदताना वर आलेला चुरा. कटिंग्ज म्हटलं की आधी ड्रिलिंगच्या मडची चौकशी. त्यात डिझेल किंवा लिग्नाइट घातलेलं असेल, तर आपण खडकाऐवजी मडलाच मार्क देऊन बसतो. विहिरीच्या कागदांत नेमकं तेच पान नाही.

१२ नोव्हेंबर

रॉक-इव्हॅलची पहिली फेरी. चिमूटभर पूड ऑक्सिजनशिवाय तापवायची. ३०० अंशांपर्यंत निघतं ते एस-१, म्हणजे खडकात आधीच असलेलं मोकळं तेल. पुढे केरोजेन, म्हणजे खडकातलं घन सेंद्रिय द्रव्य, तुटून निघतं ते एस-२, आणि त्याचं शिखर ज्या तापमानाला येतं तो टी-मॅक्स. साधारण ४३५च्या पुढे खडक तेल देण्याइतका पिकला असं धरतात.

आमच्या आलेखात एस-२च्या डाव्या अंगाला उंचवटा आहे. दाट तेल खडकात मुरलेलं असणार. ते ३००ला उडत नाही आणि एस-२मध्ये घुसतं. त्यामुळे टी-मॅक्स खाली ओढला जातो, एस-२वरून काढलेला हायड्रोजन इंडेक्स फुगतो. दोन्ही आकडे देखणे, आणि दोन्हींवर माझा विश्वास नाही. पूड द्रावकाने धुऊन पुन्हा लावायला सांगितली.

१३ नोव्हेंबर

सॉक्सलेटमध्ये पूड धुणं चालू. दिवसभर दुसरं काही नाही.

१५ नोव्हेंबर

नव्याने रुजू झालेल्या मुलाने विचारलं, "मॅडम, व्हिट्रिनाइटचा रकाना रिकामाच ठेवायचा?" म्हटलं, ठेवायचाच. व्हिट्रिनाइट येतं लाकडापासून, आणि हे खडक साचले तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं. तो म्हणाला, "पण एका नमुन्यात दिसलं की!" सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, खरंच तपकिरी कण होते. पण त्याच राजस्थानात वरच्या, फार नंतरच्या थरांत पलानासारखं लिग्नाइट आहे. विहिरीची भिंत ढासळली की वरचे कण खालच्या कटिंग्जमध्ये येऊन पडतात, नाहीतर ते मडमधून येतात. कुठूनही आलेले असोत, बिलाराचे नव्हेत. त्यावरून कुणी परिपक्वता मोजली, तर ५५ कोटी वर्षांच्या खडकाला लिग्नाइटची परिपक्वता चिकटायची.

पोरगा हुशार आहे. लगेच म्हणाला, "मग मोजायचं कशाने?"

१७ नोव्हेंबर

धुतलेल्या पुडीचे आकडे आले. उंचवटा गेला, टी-मॅक्स थोडा वर सरकला, तरी खडक कोवळाच वाटतो.

मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तेलातच आहे. याच खोऱ्यातल्या बाघेवालाला १९९१मध्ये ऑइल इंडियाला तेल लागलं, जोधपूर वालुकाश्मात. तेल जड, एपीआय साडेसतराच्या आसपास, गंधकही बरंच. जड तेल दिसलं की जिवाणूंनी हलके घटक खाल्ले असतील असंच आधी मनात येतं. पण हे तेल खाल्लेलं नाही, जन्मतःच जड आहे. गंधकाने जोडलेलं केरोजेन लवकर तुटतं, कारण कार्बन-गंधक बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा कमकुवत. त्यामुळे फारसा ताप न लागताच खडक तेल सोडून देतो. तेलातल्या बाकी रेणूंची ओळखही जुळते: डायास्टेरेन कमी, म्हणजे चिकणमाती नसलेला कार्बोनेट उगमखडक, प्रिस्टेन फायटेनपेक्षा कमी, म्हणजे प्राणवायू नसलेला समुद्रतळ. खंबातच्या तेलातला ओलिॲनेन इथे शोधायचंच कारण नाही, तो फुलझाडांचा.

आणि २४-आयसोप्रोपिलकोलेस्टेन! ओमानच्या हुक्फ खडकांच्या तेलातही तो भरपूर. तो स्पंजांचा, असं पुष्कळांचं मत. अलीकडे शैवालाचाही दावा पुढे आला आहे. वाद मिटेल तेव्हा मिटेल, पण दोन्ही तेलं एका कुळातली हे मला पटतं. हे खडक साचले तेव्हा भारत आणि अरबस्तान गोंडवनाच्या एकाच कडेला होते.

२० नोव्हेंबर

बैठक. बाघेवालाला वाफ सोडून तेल काढतात, त्यामुळे साहेबांना चिंता उत्पादनाची. मला विचारलं ते तेल शिजलं कुठे. विहिरीत साठा जेमतेम हजार-अकराशे मीटरवर. एवढ्या खोलीवर आजच्या तापमानात हा खडक तेल देईल असं मला वाटत नाही. दोनच वाटा: पूर्वी वर आणखी गाळ होता आणि तो झिजून गेला, किंवा तेल पश्चिमेकडून, खोऱ्याच्या खोल अंगाने, सरहद्दीपलीकडून सरकत आलं. मी दुसरीकडे झुकते, कारण खोरं तिकडेच उतरत जातं. पण अंतर जास्त आणि एवढं दाट तेल वाहणार कसं, हा साहेबांचा मुद्दा मला खोडता आला नाही.

मॉडेल चालवणाऱ्यांनी व्हिट्रिनाइटचा आकडा मागितला. प्रोग्रॅमला रकाना रिकामा चालत नाही म्हणे. टी-मॅक्सवरून काढलेला समतुल्य आकडा देते, पण शेजारी तसं लिहून. गंधकयुक्त केरोजेनसाठी त्यांचं नेहमीचं गतिकी समीकरणही चालणार नाही. बिलाराच्याच कोअरवरून वेगळं मोजायला हवं. त्यासाठी पुरेसा कोअर आहे का, ते सोमवारी स्टोअरमध्ये जाऊन पाहणार.