स्कॅनरचा पत्ता

एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्यासाठी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली, तेव्हा खमरियातल्या आमच्या घरातला एक जुना रविवार आठवला. आजोबांची मोडी लिपीतली पत्रे स्कॅन करण्याचे काम निम्मे झाले होते. कागद इतका ठिसूळ, की घडी उलगडताना कडा सुटत. प्रत्येक पत्र काचेवर एकदाच ठेवता येणार, हे उघड होते.

लहान स्कॅनर मध्येच बंद पडला, म्हणून बंद झालेल्या एका डीटीपीच्या दुकानातून मोठा, जुना स्कॅनर आणला. जोडणी स्कझी पद्धतीची. जाड केबल संगणकाला लावली, बटण दाबले आणि संगणक सुरूच होईना. हार्ड डिस्कमध्ये तोवरची सारी पत्रे होती. दुसरी प्रत नव्हती. हा मूर्खपणा सर्वस्वी माझा.

दोष निघाला स्कॅनरच्या पाठीमागच्या चिमुकल्या चकतीत. ती ० वर होती, आणि डिस्कचा क्रमांकही ०! आठ तारांच्या स्कझीवर ० ते ७ असे आठच पत्ते असतात आणि ते माणसाने हाताने ठरवायचे असतात. संगणकातल्या कार्डाने शून्याला हाक मारली, की दोघेही ‘ओ’ देत.

हे क्रमांक केवळ पत्ते नव्हेत, ते मानही ठरवतात, हे मला तेव्हा कळले. मार्ग मोकळा झाला, की बोलू इच्छिणारे प्रत्येक उपकरण आपल्या क्रमांकाची माहिती-तार उचलते आणि इतर तारांकडे पाहते. आपल्याहून मोठा क्रमांक दिसला, तर माघार घेते. पंच कोणी नसतो. ज्या तारांवरून माहिती जाते, त्यांवरच निवाडा होतो. म्हणून ७ हा क्रमांक सहसा कार्डाकडे असतो. गंमत म्हणजे, संगणक जिच्यावरून सुरू होतो त्या डिस्कला बहुधा ०, म्हणजे सर्वांत खालचा मान!

यूएसबीत ही उठाठेव उरली नाही. नवे उपकरण आधी ० या पत्त्यावर ऐकते; मग संगणकच त्याला १ ते १२७ पैकी एक पत्ता देतो. सोय मोठी आहे, पण त्या व्यवस्थेत डोकावण्याचे कारणही त्यामुळे उरत नाही.

मी सर्व यंत्रे बंद केली, कारण बरीच उपकरणे आपला क्रमांक सुरू होतानाच वाचतात. चकती ५ वर आणली, साखळीच्या टोकाला टर्मिनेटर असल्याची खात्री केली, आधी स्कॅनर आणि मग संगणक सुरू केला. डिस्क दिसली. पत्रे शाबूत होती. स्कॅनरचा दिवाही काचेखालून सरकू लागला. पण पुढचे पत्र ठेवण्याआधी मी आधीच्या सगळ्यांची दुसरी प्रत काढायला बसलो, आणि त्यातच संध्याकाळ झाली.