तीन देणगीदार, तीन वह्या

वृद्धांना घरपोच काळजी देण्याचं आमच्या संस्थेचं काम पैशावाचून अडतं, असं मी सभांतून सांगत असे. पैसा कमी होता हे खरंच. पण होता त्याची वाटणी मी अशी करून ठेवली की कामाचेच तुकडे पडले.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुलं पुण्या-मुंबईला, घरात थकलेली, बहुतेक एकटीच माणसं. घरी जाऊन बीपी-साखर तपासणाऱ्या नर्सचा पगार एका कंपनीच्या सीएसआरमधून यायचा. कंपनी कायद्याच्या कलम 135 खालचा हा पैसा; वृद्धाश्रम, डे-केअर अशा सोयी त्याच्या यादीतच आहेत, त्यामुळे अर्ज करणं सोपं. फिजिओथेरपिस्टचं मानधन एका न्यासाकडून, दुपारचा डबा गावातल्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून. तिघांनी हिशेब वेगळा मागितला, मी रुग्णांच्या नोंदींच्या वह्याही वेगळ्या काढल्या. त्या कुणीच मागितल्या नव्हत्या. मार्चअखेर ऑडिटरपुढे एकेक वही सरकवता यावी, एवढीच माझी सोय.

समन्वयकाची जागा मी भरलीच नाही. कुणाच्याच मंजुरीपत्रात तिला हेड नव्हतं, आणि मीही ते मागायला संकोचलो. नर्स आणि फिजिओ एकमेकांना फोन करतीलच की, असं मी विश्वस्तांना सांगितलं. हाताशी होते त्या पैशांतून व्हीलचेअर आणि वरखाली होणारी खाट घेतली. खाटेवर देणगीदाराचं नाव रंगवता येतं. वेळेवर केलेल्या फोनवर ते कुठे रंगवणार?

मग एका आजींचं झालं. त्यांना सरकारी दवाखान्यातून बीपीसाठी ॲम्लोडिपिनची गोळी मिळत होती. मुलाने त्यांना पुण्याला खासगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही तीच गोळी लिहून दिली, कंपनीच्या नावाने. पाकीट वेगळं, रंग वेगळा. आजी दोन्ही इमानाने घेत राहिल्या. नर्सच्या वहीत नोंद : बीपी कमी, पायाला सूज. फिजिओच्या वहीत : उठताना चक्कर, व्यायाम घेतला नाही. डबा पोचवणाऱ्या ताईंनी लिहिलं होतं, आजींना भोवळ येते, भात तसाच ठेवला. सगळं एकाच आठवड्यात. आजी न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर कुठे मी तिन्ही वह्या एका टेबलावर उघडल्या.

आणि बैठकीत पहिल्यांदा नर्सवरच चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "सर, माझ्या फॉर्ममध्ये गोळ्यांचा रकानाच नाही." फॉर्म मीच केला होता. कंपनीला महिन्याच्या भेटींचा आकडा हवा असायचा, म्हणून मी भेटीच मोजत होतो.

शस्त्रक्रियेचा खर्च कसा तरी निघतो. ऑक्टोबर 2024 पासून तर सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. घरी आल्यावर दोन-तीन महिने धरून चालवणारं माणूस त्यात बसत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये त्या माणसाला आठवडाभरही पुरत नाहीत. आजींच्या घरी ते तीन महिने सुनेने रजा काढून निभावले, आणि रजा बिनपगारी होती. आमच्या कुठल्याच वहीत तो खर्च नाही.

आता वही एकच, आणि ती रुग्णाच्या घरी असते. घरात येणारा प्रत्येक जण तिच्यात लिहितो, हिशेब कार्यालयात वेगळा राहतो. समन्वयक म्हणून बाहेरचं कुणी आणण्यापेक्षा डब्याच्या ताईंनाच नेमलं. कुणाची सून बोलत नाही, कुणाची गोळी संपली, हे त्यांना आमच्याआधी ठाऊक असतं. महिन्यातून एकदा ताई प्रत्येक घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेतात.

त्यांच्या पगारासाठी ऐपत असलेल्या घरांकडून शुल्क घ्यायचं ठरवलं. याला मीच वर्षानुवर्षं विरोध केला होता : सेवेचे पैसे कसले घ्यायचे? प्रत्यक्षात बाहेरगावच्या मुलांनी कुरकुर न करता दिले. एकाने तर विचारलं, इतके दिवस मागितले का नाहीत. दोन घरं मात्र सोडून गेली.

एखादे आजोबा गेले की त्या घरचं शुल्क थांबतं, पगार तेवढाच राहतो. गेल्या पावसाळ्यात अशी घरं लागोपाठ बंद झाली तेव्हा मी संस्थेची एक मुदत ठेव मोडली, तीही विश्वस्तांना न विचारता. कोषाध्यक्ष अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि पुढच्या अंदाजपत्रकात ही तूट कुठल्या हेडखाली दाखवायची, हे आम्हा दोघांनाच ठरवायचं आहे.