'ती' आणि 'त्या': एका व्यक्तिरेखेच्या निमित्ताने

पुरुष लेखकाने रेखाटलेल्या स्त्रीविषयी आपली समीक्षा बहुधा एकच प्रश्न विचारते: तिचे अंतरंग या लेखकाला कितपत उमगले? प्रश्न रास्त आहे. परंतु तो कलाकृती पूर्ण झाल्यानंतरचा आहे. प्रत्यक्ष लिहिताना जो पेच पडतो तो याहून प्राथमिक, किंबहुना व्याकरणिक असतो. माझ्या एका दीर्घकथेतील शिक्षिकेच्या निमित्ताने या पेचाचे स्वरूप तपासून पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतू.

ही शिक्षिका कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावी प्राथमिक शाळेत शिकवते. लग्नानंतर काही वर्षांतच सासर सोडून आलेली आहे. गाव तिला 'बाई' म्हणते. हा शब्द वर्गात आदरार्थी असतो आणि वर्गाबाहेर, स्वराच्या थोड्याशा फरकाने, तुच्छतादर्शक होऊ शकतो. या व्यक्तिरेखेचे मूळ माझ्या थोरल्या बहिणीत आहे, हे लपविण्याचे कारण नाही. मी तिला अक्का म्हणतो, 'अगं-तूगं' करतो. शाळेतली मुले 'अहो बाई' म्हणत.

पहिलेच वाक्य लिहिताना प्रश्न उभा राहिला: बाई 'आली' की बाई 'आल्या'? इंग्रजीत जे काम एकाच सर्वनामाने भागते, तेथे मराठी निवेदकाला 'ती' आणि 'त्या' यांतून निवड करावी लागते, आणि त्या निवडीतून तो स्वतः कोठे उभा आहे हेही उघड होते. 'त्या' म्हणणारा निवेदक अंतर राखतो. 'ती' म्हणणारा जवळ जातो. पण ही जवळीक भावाची, सखीची की मालकाची, हे सर्वनाम सांगत नाही. अनेक मराठी घरांत वडील 'ते' असतात आणि आई 'ती'. जिव्हाळा आणि अधिकार असे एकाच रूपात वावरतात. बाई रात्री एकट्या बसल्या आहेत अशा प्रसंगी तर पेच अधिकच वाढतो: ज्या खोलीत दुसरे कोणी नाही, तेथे हे आदरार्थी बहुवचन कोणाचे?

प्रथमपुरुषी निवेदन हा एक मार्ग होता. १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत हरि नारायण आपटे यांनी सारी कहाणी यमूच्याच तोंडून वदविली. स्त्रीलिंगी 'मी' पुरुष लेखकाने आद्यंत पेलला. माझ्या कथेला हा मार्ग मानवणारा नव्हता. कोल्हापूरकडच्या अनेक स्त्रिया घरच्या बोलीत 'मी आलो', 'मी जेवलो' असे सहज म्हणतात. तेथे ते कोणाला पुल्लिंगी वाटत नाही. बाई वर्गात मात्र 'मी आले' म्हणतात. मग त्यांच्या 'मी'चे क्रियापद कोणते? प्रमाणभाषा स्वीकारली तर घर सुटते, बोली स्वीकारली तर शाळा.

म्हणून निवेदन बाईंच्या एका माजी विद्यार्थ्याकडे सोपविले. 'त्या' हे सर्वनाम आता स्वाभाविक ठरले आणि त्याबरोबर एक मर्यादाही आली. विद्यार्थी बाईंच्या दारापर्यंत जाऊ शकतो. उंबरठ्याच्या आत काय घडते ते त्याला ठाऊक नाही. एकटेपणाचे सर्व प्रसंग त्यामुळे गळाले. बाईंनी सासर का सोडले, हेही कथेत आले नाही. अक्काने ते मला कधी सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. कथाकाराला कारण रचणे अवघड नसते. परंतु माझे रचलेले कारण आमच्या भावकीत खरे म्हणून वाचले गेले असते आणि ते खोडून काढण्याची पाळी अक्कावर आली असती.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. स्त्रीचे मौन पुरुषाने जपणे हा आदर मानावा, की तिला गप्प ठेवण्याची ती एक सभ्य रीत समजावी? 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) मधून विभावरी शिरूरकरांनी जे बोलायचे नसते तेच बोलून दाखविले, आणि तेही टोपणनावाच्या आडून. असा वारसा पाठीशी असताना मौनाला आपोआप प्रतिष्ठा देता येत नाही. हा आक्षेप मान्य केल्यामुळेच कथेत एका ठिकाणी बाईंनी बोलणे अपरिहार्य झाले. पाणवठ्यावर कोणीतरी विचारते, "नवऱ्यानं टाकलं काय?" बाई उत्तरतात, "टाकलं न्हाई. मी माझ्या पायानं आलो."

कारण तरीही सांगितले गेलेले नाही. मात्र घर सोडण्याच्या क्रियेची कर्ती कोण, हे या वाक्याने निःसंदिग्ध होते. आणि ते सांगताना बाईंचे वर्गातले क्रियापद गळून पडते. मुद्रितशोधकाने या 'आलो'चे 'आले' केले होते. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. मी ते पुन्हा 'आलो' केले. निवेदक ज्या उंबरठ्याशी थांबतो, त्याच्या आतून बाहेर आलेले हे एकच रूप आहे. व्यक्तिरेखेचे अंतरंग म्हणून जे काही मला दाखविता आले, ते तेवढ्यातच आहे.