बाबांचा स्लॅब आणि माझी माती

गावाकडच्या प्लॉटवर आई-बाबांसाठी दोन खोल्या बांधायच्या, हे गेल्या दिवाळीत ठरलं. कशाच्या, यावर मात्र घरात अजून लढाई चालू आहे. मी म्हणतो, मातीच्या. बाबा म्हणतात, "मातीचंच घर बांधायचं होतं तर तुला इंजिनिअर कशाला केलं?"

त्यांचं अगदीच चूक नाहीये. खटाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात दर मे महिन्यात माळवदावर पांढरी माती टाकायची, भिंती लिंपायच्या, आणि तरी पावसाळ्यात घरभर पातेली मांडायची... हे त्यांनी २५ वर्षं केलंय. मी एसीत बसून "मातीचं घर कसं गार!" म्हणतो, ते त्यांना झोंबणारच.

पण मी म्हणतोय ते जरा वेगळं आहे. ऑरोव्हिलची अर्थ इन्स्टिट्यूट १९८९ पासून दाबलेल्या मातीच्या विटांवर काम करते आहे. जागेवरचीच माती, त्यात साधारण ५ टक्के सिमेंट, हाताने चालणाऱ्या प्रेसमध्ये दाबायची आणि चार आठवडे ओली ठेवायची. भट्टी नाही, ट्रकच्या खेपा नाहीत. माती काढून पडलेल्या खड्ड्याचं पुढे काय करायचं, तेही आधीच ठरवायचं. उदा. पाण्याची टाकी.

आता कुठलीही माती चालते का? छे! जुने लोक गावठाणाला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हणायचे ते उगाच नाही. काळी पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. आमच्या प्लॉटवर वर दीड फूट काळी, खाली मुरूम. काळी गेली आईच्या परसात. मुरूम चाळून काचेच्या बरणीत घातला, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवला. वाळू मिनिटभरात बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशी. मग थर मोजायचे. ऑरोव्हिलवाले खडी १५, वाळू ५०, गाळ १५, चिकणमाती २० टक्के, असं प्रमाण सांगतात. आमच्यात चिकणमाती कमी निघाली.

तेव्हा बाबा काही न बोलता उठले आणि पडक्या घराच्या भिंतीची घमेलंभर माती घेऊन आले. म्हणाले, "हिचीपण बरणी भर." (विरोध कायम आहे, बरं का!)

त्यांच्या अटी दोन. जोतं दगडाचं, तीन फूट. आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत. मला दोन्ही मान्य. वर पत्रा की कौलं, यावर सध्या आईचं आणि त्यांचं वाजलंय.